शून्याआधी एकेचाळीस तास

या घटनाक्रमातली बाई कुणी एक नाही. पंचावन्नच्या आसपासची, साखरेचा त्रास असलेली, अंबड तालुक्यात गोदाकाठाकडच्या गावात राहणारी अशी बाई आरोग्य केंद्राच्या रांगेत कधीही दिसेल. तिचे तास मी जुळवले आहेत. तिच्या शरीरात जे घडतं ते मात्र वैद्यकाने नीट तपासून नोंदवलेलं आहे आणि इथे येणारी औषधं, शास्त्रज्ञ, चाचण्या, आकडे खरे आहेत. शून्य म्हणजे असा क्षण, जेव्हा रक्तदाब नेहमीच्या औषधांना दाद देईनासा होतो. तिथवर नेणारा पदार्थ आपल्या सगळ्यांच्या रक्तवाहिन्यांत याही क्षणी तयार होतो आहे. तो एक साधा वायू आहे, नायट्रिक ऑक्साइड.

सोमवार, सकाळी १०. शून्याआधी ४१ तास

कापसाच्या वेचण्या संपल्या आहेत. रान मोकळं करायचं म्हणून पऱ्हाट्या उपटणं चालू आहे. झिजलेल्या चपलेतून एक खुंट तळव्यात घुसतो. साखरेमुळे तिचे तळपाय वर्षभरापासून बधिर आहेत, त्यामुळे कळ फारशी येत नाही. रक्त थोडंसंच येतं. ती चिंधी बांधते आणि दुपारपर्यंत काम करते.

खुंटासोबत आत गेलेल्या जिवाणूंना पहिला अटकाव होतो तो मॅक्रोफेज या पेशींकडून. आज तिच्या शरीरात नायट्रिक ऑक्साइड अगदी मोजकं आहे. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात ईएनओएस नावाचं विकर असतं. ते आर्जिनिन या अमिनो आम्लापासून क्षणाक्षणाला थोडा थोडा वायू सोडतं, वायू शेजारच्या स्नायूत शिरतो, स्नायू सैलावतो आणि रक्त वाहतं राहतं. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट घराघरांत माहीत आहे. तीही हाच वायू पुरवून काम करते.

हे कळायला वेळ लागला. १९८० साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन इथे रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर दाखवलं की अस्तर शाबूत असेल तरच वाहिनी सैलावते, म्हणजे अस्तरातून काहीतरी सुटतं. ते काहीतरी नायट्रिक ऑक्साइडच आहे हे १९८७ मध्ये लंडनजवळच्या वेलकम प्रयोगशाळेत साल्वादोर मोंकादा यांच्या गटाने मोजून सिद्ध केलं, आणि अमेरिकेत लुई इग्नारो त्याच निष्कर्षाला आले. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि फेरीद मुराद यांना मिळालं. मोंकादांचं नाव त्यात नव्हतं, याची खंत त्या क्षेत्रातल्या अनेकांनी उघडपणे बोलून दाखवली.

संध्याकाळी ७. शून्याआधी ३२ तास

सून पाय धुऊन देते. “आत्याबाई, पाय लईच लाल झालाय.”

“हळद लाव. उद्या उतरंल.”

ही लाली आणि ही ऊब म्हणजे शरीराची अजून तरी चोख चाललेली कामगिरी आहे. जखमेजवळच्या वाहिन्या रुंदावल्या की पांढऱ्या पेशी तिथे पोहोचतात, आणि मॅक्रोफेज जिवाणू मारण्यासाठी जी शस्त्रं वापरतात त्यांत नायट्रिक ऑक्साइड हेही एक आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत कार्ल नेथन आणि सहकाऱ्यांनी उंदरांमधून एक जनुक काढून टाकलं, ते दाहाच्या वेळी हा वायू बनवणाऱ्या विकराचं. जिवाणूंचं विष टोचल्यावर या उंदरांचा रक्तदाब इतरांसारखा कोसळला नाही. पण खरे लिस्टेरिया जिवाणू दिल्यावर हेच उंदीर त्यांना आवरू शकले नाहीत. पुढच्या दहा वर्षांत औषधांच्या नावाखाली जे झालं त्याची पूर्वसूचना याच एका प्रयोगात होती. ती पुरेशा गांभीर्याने वाचली गेली नाही, असं मला ठामपणे वाटतं.

मंगळवार, पहाटे ४. शून्याआधी २३ तास

हुडहुडी. दात वाजतात, दोन गोधड्या पुरत नाहीत. मुलगा उठून बसतो. “माय, दवाखान्यात जायचं का?”

“आरं, थकल्यानं आलाय ताप. उतरंल सकाळपस्तोर.”

जिवाणूंच्या भिंतींचे तुकडे रक्तात उतरले आहेत. त्यांना ओळखून पेशींनी टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरफेरॉन-गॅमा हे निरोप सोडले आहेत, आणि या निरोपांनी एरवी झोपलेलं एक जनुक जागं केलं आहे. त्यातून आयएनओएस हे विकर घडू लागतं. ईएनओएसला कॅल्शियमची पातळी बघून थांबता येतं. आयएनओएस तसं थांबत नाही. एकदा घडलं की ते तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस वायू ओतत राहतं, आणि ईएनओएसच्या तुलनेत कितीतरी पट जास्त.

इथे एका गोष्टीवर थांबायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. हे विकर आयतं साठवलेलं नसतं. निरोप आल्यापासून ते घडून पूर्ण जोमाने कामाला लागेपर्यंत काही तास जातात. तेवढा वेळ पूर रोखता येतो. नंतर त्याचा निचरा करण्याची धडपड उरते.

वाढलेल्या नायट्रिक ऑक्साइडवर औषधाने मात करायचे ढोबळ मार्ग चार. विकर घडूच न देणं. घडलेल्या विकराला बंद पाडणं. सुटलेला वायू टिपून घेणं. आणि वायूने स्नायूला दिलेला हुकूम मध्येच अडवणं. पहिल्या मार्गावरचं जुनं, स्वस्त आणि कुठेही मिळणारं औषध म्हणजे स्टेरॉइड. मोंकादांच्याच गटाने १९९० मध्ये दाखवलं की स्टेरॉइड आधी दिलं तर हे विकर घडत नाही. ईएनओएसला धक्का लागत नाही. पण विकर एकदा घडून गेल्यावर स्टेरॉइडचा त्याच्यावर थेट परिणाम होत नाही. म्हणजे जे औषध या पहाटे चार वाजता सगळ्यांत उपयोगाचं ठरलं असतं, ते रुग्णाला मिळतं रुग्णालयात, दिवस उलटून गेल्यावर. आणि पहाटे चारला केवळ ताप आहे म्हणून स्टेरॉइड देणं हा गुन्हाच ठरेल, कारण जिवाणू मोकाट आहेत.

सकाळी ११. शून्याआधी १६ तास

जवळच्या बाजाराच्या गावात दवाखाना. ताप १०२. तक्रार तापाची आणि अंगदुखीची, पाय लुगड्याखाली झाकलेला. तिने दाखवला नाही, गर्दीत कुणी विचारलाही नाही. ताप उतरवणारी सुई, गोळ्यांची पुडी. तासाभरात घाम येतो, बरं वाटतं. ती घरी येऊन भाकरीचा तुकडा मोडते.

याच वेळी कुणी पाय पाहिला असता, लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढली असती आणि दोन-तीन तासांनी लाली रेघेपलीकडे गेल्याचं पाहिलं असतं, तर निदानाला यंत्र लागलं नसतं. साखर असलेला माणूस, पायाला जखम, हुडहुडी भरून ताप, सरकणारी लाली: एवढ्यावर शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायला हवं. प्रत्येक तापाला अँटिबायोटिक द्या असं मी म्हणत नाही. त्याने आपण औषधांची धार आधीच बोथट केली आहे. पण हा ताप प्रत्येक तापासारखा नव्हता. जिवाणू मेले की निरोप थांबतात, निरोप थांबले की नवं विकर घडत नाही. पेनिसिलिनच्या कुळातला एक साधा डोस या घटकेला नायट्रिक ऑक्साइडविरोधी औषधच आहे. कुठल्याही कंपनीने त्याची तशी जाहिरात केली नाही म्हणून ते खोटं ठरत नाही.

संध्याकाळी ६. शून्याआधी ९ तास

ताप पुन्हा चढलेला नाही, उलट अंग जरा निवल्यासारखं. घरच्यांना हायसं वाटतं. पण ती मिनिटाला सव्वीस वेळा श्वास घेते आहे, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारते आहे आणि दुपारपासून लघवीला गेलेली नाही. हात गरम आहेत, तळवे गुलाबी. शॉक म्हटलं की थंडगार, घामेजलेला, पांढराफटक माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनल्याने येणारा, शॉक बऱ्याचदा असा गरम हातांनी येतो आणि म्हणून ओळखू येत नाही.

गरम हात हीच नायट्रिक ऑक्साइडची खूण. वायू स्नायूपेशीत ग्वानिलेट सायक्लेज या विकराला चेतवतो, सीजीएमपी हा पदार्थ वाढतो, स्नायू ढिला पडतो. एका वाहिनीत हे झालं तर उपकार. सगळ्या शरीरात एकदम झालं तर रक्त तेवढंच राहतं आणि त्याला सामावणारी जागा वाढते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या सगळ्या चाऱ्या एकाच वेळी पूर्ण उघडल्या तर वरच्या गावांत पाणीच पाणी होतं आणि टेलच्या गावात कालव्याचा तळ दिसतो. तिची कातडी वरचं गाव आहे. मूत्रपिंड आणि मेंदू टेलला आहेत.

२०१६ मध्ये सेप्सिसची नवी व्याख्या झाली तेव्हा खाटेशेजारी बघण्याच्या तीन खुणा सुचवल्या गेल्या: श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वागण्या-बोलण्यात बदल, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी. केवळ या खुणांवरून निदान करू नये असं पुढे ठरलं, ते बरोबरच आहे. तरीही आशाताईला, अंगणवाडीताईला, घरच्या सुनेला मोजता येईल अशी यांतली पहिली खूण आहे. घड्याळ समोर ठेवून एक मिनिट छाती किती वेळा वर येते ते बघायचं. या घरात त्या संध्याकाळी दोन खुणा हजर होत्या.

रात्री १०.३०. शून्याआधी साडेचार तास

ती उठवून उठत नाही, कण्हते फक्त. मुलगा १०८ ला फोन लावतो. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. गाडी येते, गाडीतला डॉक्टर पट्टा बांधतो: ८२ वर ४०. सलाइन लावलं जातं. अंबड मागे पडतं, जालन्याचा रस्ता.

या रस्त्यावरच्या वेळेचं मोल एका भारतीय वंशाच्या डॉक्टरने काढलं आहे. कॅनडातल्या विनिपेगचे आनंद कुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सेप्टिक शॉकच्या २,७३१ रुग्णांचे कागद तपासले. रक्तदाब घसरल्यापासून पहिल्या तासात योग्य अँटिबायोटिक मिळालेले जवळपास ८० टक्के रुग्ण वाचले होते. पुढच्या सहा तासांत प्रत्येक तासाच्या उशिराला जगण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी खाली गेलं. नंतरच्या मोठ्या पाहण्यांत हा उतार इतका तीव्र दिसला नाही. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या १४९ रुग्णालयांच्या पाहणीत तासागणिक मृत्यूची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. आकड्यावर वाद आहे, दिशेवर नाही.

रात्री १२.३०. शून्याआधी अडीच तास

जालना. इथून पुढे कुणी हलगर्जी करत नाही. रक्ताचा नमुना कल्चरला जातो, अर्ध्या तासात अँटिबायोटिक शिरेत. किलोमागे ३० मिलिलिटर या हिशेबाने पन्नास किलोच्या बाईला दीड लिटर सलाइन. मध्यमान रक्तदाब ६५ पर्यंत न्यायचा आहे. तो येत नाही म्हणून नॉरअॅड्रेनालिनचा पंप सुरू. पाय उघडल्यावर घोट्याच्या वर जांभळे फोड दिसतात, तेव्हा सर्जनला झोपेतून उठवलं जातं.

पेशींची उपासमार दाखवणारं रक्तातलं लॅक्टेट खूप वाढलेलं. त्यामागे फक्त रक्ताची टंचाई नाही. नायट्रिक ऑक्साइड पेशीतल्या मायटोकाँड्रियात शिरून ऑक्सिजन वापरणाऱ्या विकराची वाट अडवतो. त्याच्या आणि सुपरऑक्साइडच्या संयोगातून पेरॉक्सिनायट्राइट बनतं, त्याने पेशीची यंत्रणा करपते. लंडनच्या मर्विन सिंगर यांच्या गटाने २००२ मध्ये सेप्टिक शॉकच्या रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे तपासून दाखवलं की नायट्रिक ऑक्साइड जितकं जास्त तितकी मायटोकाँड्रियाची कुवत कमी, आणि आजार तितका गंभीर. रक्त पोहोचलं तरी पेशीला ते वापरता येत नाही, अशी ही अवस्था.

डॉक्टर मुलाला बाहेर बोलावतात. “दादा, आईची लघवी बंद आहे. बीपी औषधावर आहे, तरी चढत नाही. तुम्ही घरच्यांना बोलावून घ्या.”

बुधवार, पहाटे ३. शून्य

पंपावरचा डोस तीनदा वाढवला. मध्यमान दाब ५४. नॉरअॅड्रेनालिन स्नायूला आवळ म्हणतं आणि स्नायूत साचलेलं सीजीएमपी त्याला सैल ठेवतं. मग दुसऱ्या मार्गाचा विचार कुणाच्याही मनात येईल: हे विकरच बंद पाडलं तर?

तो विचार तीसहून अधिक वर्षांपूर्वी आला होता. १९९१ मध्ये लंडनमध्ये पेट्रोस, बेनेट आणि व्हॅलन्स यांनी सेप्टिक शॉकच्या दोन रुग्णांना आर्जिनिनसारखं दिसून विकराला चकवणारं औषध दिलं आणि रक्तदाब चढला. त्या काळात हे वाचणाऱ्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. रोज डोळ्यांदेखत जाणारी माणसं, आणि अखेर नेमक्या कारणावर बोट ठेवणारं औषध. एल-एनएमएमए नावाच्या या औषधाला कंपनीने ५४६सी८८ असा क्रमांक दिला. दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ३१२ रुग्ण होते. ७२ तासांत शॉकमधून बाहेर आलेले औषध घेणाऱ्यांत ४० टक्के, न घेणाऱ्यांत २४ टक्के. सगळं जुळत होतं.

तिसऱ्या टप्प्यात युरोप, दोन्ही अमेरिका, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलेशियातले १२४ अतिदक्षता विभाग सामील झाले. ७९७ रुग्णांवर चाचणी थांबवावी लागली. अठ्ठाविसाव्या दिवशी औषध मिळालेल्यांपैकी ५९ टक्के मेले होते, न मिळालेल्यांपैकी ४९ टक्के. दर शंभरामागे दहा माणसं जास्त. अहवाल २००४ मध्ये छापून आला. त्यात रक्तदाब अपेक्षेप्रमाणे चढला होता, आणि माणसं हृदय व फुप्फुसांच्या रक्ताभिसरणाच्या बिघाडाने गेली होती.

कारण उघड होतं, आणि आधीही उघड असायला हवं होतं. ५४६सी८८ ला आयएनओएस आणि ईएनओएस यांतला फरक कळत नव्हता. त्याने पूर आणणारं विकर बंद केलं आणि हृदयाला, फुप्फुसांना, आतड्यांना रक्त पुरवणारंही बंद केलं. वाहिन्या आवळल्या, आकडा वाढला, प्रवाह घटला. रक्तदाब हे रक्त पोहोचल्याचं प्रमाणपत्र आहे असं मानून सगळी चाचणी उभी केली होती. त्या विश्वासाची किंमत मोजणारी माणसं बेशुद्धीत होती, त्यांच्या वतीने नातेवाइकांनी सह्या केल्या होत्या. ते मला विसरता येत नाही. या मृत्यूंचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत बहुधा एका ओळीत येतो.

तरीही प्रयत्न थांबले नाहीत. तेच औषध हृदयविकाराच्या शॉकमध्ये वापरून पाहिलं गेलं. २००७ च्या त्या चाचणीत ३९८ रुग्णांनंतर फायदा नाही म्हणून काम थांबवलं. तिसऱ्या मार्गावर, म्हणजे वायू टिपून घेण्यासाठी, रासायनिक बदल केलेलं हिमोग्लोबिन आलं. युरोपातल्या त्याच्या चाचणीतही मृत्यू आणि दुष्परिणाम वाढताना दिसले, २०१५ मध्ये तो अध्याय संपला. मग फक्त आयएनओएसला धरणारी निवडक औषधं तयार झाली. दीर्घकाळच्या दाहाच्या आजारांत ती उपयोगी पडतील अशी आशा मोठी होती. दम्यात चाललं नाही, अर्धशिशी टाळण्यात चाललं नाही. गुडघ्याच्या झिजेवर सिंदुनिस्टॅट हे औषध १,४०० हून जास्त रुग्णांना घेऊन दोन वर्षं तपासलं, झीज थांबली नाही. उंदरांत हीच औषधं चमकली होती. पण उंदराचे मॅक्रोफेज नायट्रिक ऑक्साइड भरभरून बनवतात, माणसाचे प्रयोगशाळेत त्या मानाने फारच थोडं बनवतात. उंदराच्या शॉकवरून माणसाच्या शॉकचा अंदाज बांधण्यात मूळचीच खोट होती.

आज पहाटे तीन वाजता जालन्यात हाताशी काय आहे? नॉरअॅड्रेनालिनला जोड म्हणून व्हासोप्रेसिन. दिवसाला २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे पहिल्या मार्गावरचं स्टेरॉइड. २०१८ मध्ये त्याच्या दोन मोठ्या चाचण्या आल्या. ३,६५८ रुग्णांच्या एकीत शॉक लवकर सुटला पण मृत्यू घटले नाहीत. फ्रान्समधल्या १,२४१ रुग्णांच्या दुसरीत, फ्लुड्रोकॉर्टिसोन जोडीला देऊन, नव्वद दिवसांतले मृत्यू ४९ वरून ४३ टक्क्यांवर आले. आणि चौथ्या मार्गावर एक निळं औषध, मिथिलीन ब्लू.

हे औषध खरं तर कापड रंगवण्यासाठी जन्मलं. १८७६ मध्ये जर्मनीत हाइनरिश कारो यांनी ते बनवलं, १८९१ मध्ये पॉल गुटमान आणि पॉल एर्लिश यांनी ते मलेरियाच्या रुग्णांना दिलं. प्रयोगशाळेत काचपट्टीवरच्या पेशी रंगवायला ते आजही लागतं. शॉकमध्ये ते ग्वानिलेट सायक्लेजला अडवतं, म्हणजे वायू असला तरी त्याचा हुकूम स्नायूपर्यंत पोहोचत नाही. स्वस्त आहे, पेटंटमुक्त आहे, आणि म्हणूनच कुठल्या मोठ्या कंपनीने त्याच्यावर पैसा लावला नाही. २०२३ मध्ये मेक्सिकोतल्या ग्वादलाहारा इथल्या मिगेल इबारा-एस्त्रादा यांच्या गटाने ९१ रुग्णांवर चाचणी केली. शॉक सुरू झाल्यापासून चोवीस तासांच्या आत, रोज १०० मिलिग्रॅम, सहा तासांत सावकाश, तीन दिवस. रक्तदाबाची औषधं बंद करायला औषध मिळालेल्यांना ६९ तास लागले, बाकीच्यांना ९४. मृत्यूंत खात्रीने सांगावा असा फरक आढळला नाही, आणि तो दाखवायला ९१ रुग्ण अपुरेच होते. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतला या वाटेवरचा हा सगळ्यांत आशादायी निकाल आहे, आणि एका केंद्रातला आहे म्हणून तो अजून कुणाच्या उशाशी ठेवून निवांत झोपण्याजोगा नाही.

पहाटे ४.१५. शून्यानंतर सव्वा तास

मिथिलीन ब्लू देण्याआधी दोन प्रश्न विचारावे लागतात. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता आहे का? असेल तर तांबड्या पेशी फुटतात. नैराश्यावरच्या गोळ्या चालू आहेत का? त्यांच्याबरोबर सेरोटोनिन घातक पातळीला जाऊ शकतं. मुलाला दोन्ही माहीत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुनेकडून फोनवर मिळतं: फक्त साखरेची गोळी. पहिल्याचं उत्तर देणारी तपासणी या घटकेला हाती येणार नाही. डॉक्टर थोडा विचार करून कमी डोस सुरू करतात. बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा एकदम घसरतो. नर्स घाबरते, पण तो निळ्या रंगाने यंत्राला पडलेला चकवा असतो. पाऊण तासात मध्यमान दाब ६१.

पहाटे ५.३०. शून्यानंतर अडीच तास

सर्जन पोटरी उघडतात. आतली ऊती राखाडी, दुर्गंधीयुक्त, बोटाने सहज सुटणारी. जिवंत मांस लागेपर्यंत कापत वर जावं लागतं. ही शस्त्रक्रिया झाल्याशिवाय बाकी कुठल्याच औषधाला अर्थ नव्हता, कारण निरोप पाठवणारे सगळे तिथेच बसले होते. डायलिसिस लागणार. साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला न्यायचं तर या दाबावर रस्ता झेपेल का, यावर दहा मिनिटं जातात.

सकाळी ८.५०

हृदय थांबतं. पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न चाळीस मिनिटं चालतात. ती जाते.

खुंट रुतल्यापासून शून्यापर्यंतच्या ४१ तासांपैकी रुग्णालयाला अडीच मिळाले. उरलेले साडेअडतीस शेतात, घरात, एका गर्दीच्या दवाखान्यात आणि रस्त्यावर गेले. आयएनओएस घडलं ते त्याच तासांत. २०१७ या एका वर्षात जगात ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यूंशी त्याचा संबंध होता, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला फार मोठा वाटा आपल्यासारख्या देशांचा होता, जिथे लोक उशिरा पोहोचतात.

गाडीतच अँटिबायोटिक द्यावं का, हे हॉलंडमध्ये तपासून झालं आहे. २०१८ च्या त्या चाचणीत २,६०० हून जास्त रुग्ण होते, रुग्णवाहिकेतच सेफ्ट्रियाक्सोन दिलं, आणि मृत्यूंत फरक पडला नाही. हा निकाल दाखवून आपल्याकडे विषय मिटवला जाऊ नये. तिथे रुग्णालयात पोहोचायच्या सरासरी २६ मिनिटं आधी डोस मिळाला आणि बाकीच्यांना पोहोचल्यावर ७० मिनिटांनी. एकूण अंतर दीड तासाच्या जरासं वर. शिवाय त्यांतले बहुतेक रुग्ण शॉकमध्ये नव्हतेच. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, जाफ्राबादकडच्या वाड्या-वस्त्यांतून येणाऱ्या शॉकच्या रुग्णासाठी दीड तास ही चैन आहे.

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं त्यांत जालन्याचं आहे. तिथल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी सेप्सिसच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर तीन घटनांची वेळ नोंदवायला सुरुवात करावी: हुडहुडी भरली कधी, पहिला माणूस भेटला कधी ज्याच्याकडे अँटिबायोटिक होतं, आणि ते शिरेत गेलं कधी. जी-६-पीडीची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी रात्रीही व्हावी. साखरेच्या रुग्णाची चप्पल दर भेटीत काढून तळवा बघावा, तक्रार तापाची असली तरी आणि रांग दाराबाहेर गेली असली तरी.